पांढऱ्या दोऱ्याचं गिऱ्हाईक

२८ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोन असताना मी पत्रं का लिहिते, असं वहिनी विचारत होत्या म्हणे. त्यांना सांग, फोनवर तू नुसतं हं म्हणतोस, आणि ते हं रागाचं की काळजीचं हे मला अजून ओळखता येत नाही. पत्रात निदान तुला वाक्यं तरी पूर्ण करावी लागतात.

आता मुद्द्याचं. आधी घोटभर पाणी पी आणि मग पुढे वाच. कारखान्यात दरवर्षीप्रमाणे मंदी सुरू झाली. शाळा उघडल्या की बॅगांची मागणी बसते, आणि मग मुकादम विचारत फिरतात की तीन महिने बिनपगारी रजा कोणाला हवी. दरवर्षी मी मान खाली घालून मशीन चालवत राहते. यंदा मी हात वर केला. शेजारच्या मशीनवरची बाई माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी खिडकीतून उडी मारणार आहे.

इतकी वर्षं नव्या बॅगा शिवून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. लोक चांगल्या बॅगा फेकून देतात, का तर चेन बिघडली. दादा, चेनचे दात बहुतेक वेळा शाबूत असतात. झिजतो तो रनर, ती वर-खाली सरकणारी टिकली. तेवढी बदलली की बॅग पुन्हा कामाला लागते. पण हे करून देणारं आमच्या भागात कोणी नाही. चांभारांकडे नेलं तर ते दोन टाके घालून चेन बंद करून देतात, आणि ती मग कायमचीच बंद.

बाजाराच्या तोंडाशी एका घड्याळवाल्या काकांचं दुकान आहे. दुकान कसलं, दोन मोठ्या दुकानांमधली फट म्हण. घड्याळं दुरुस्तीला येणं कमी झालंय, म्हणून अर्धं काउंटर ते मला भाड्याने द्यायला तयार आहेत. अनामत नाही, करार नाही. शिलाई मशीन माझं घरचंच आहे. रनर, बकलं, पट्टे आणि दोरा एवढंच विकत आणायचं. कर्ज एका पैचं नाही. सगळं बुडालं तरी या वर्षी घ्यायचा ठरवलेला फ्रिज राहील, बाकी काही नाही. यांना विचारलं तर हे म्हणाले की फ्रिजवाचून काही अडत नाही, पण दादांना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नकोस.

तुझ्या डोळ्यांसमोर आत्ता काय आलं असेल ते मला माहीत आहे. बाबांचं दुकान. म्हणून तर सगळ्यांत आधी तुला लिहितेय. चाललं नाही तर एक ऑक्टोबरला भोंगा व्हायच्या आत मी माझ्या मशीनवर बसलेली असेन. चाललं तर मात्र नोकरी सोडायची. सोळा वर्षांची नोकरी आहे आणि एकदा सोडली की पुन्हा घेत नाहीत, याची मला कल्पना आहे.

रागावलास तरी हरकत नाही. फक्त नको म्हणण्याआधी दोन दिवस थांब. माझ्यावरचा लोभ रागासकट चालू ठेव, ही विनंती.

तुझी
ठकी


६ जुलै

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू दोन दिवस थांबायला सांगितलंस, मी जवळजवळ आठवडा थांबलो. त्यातला निम्मा रागात गेला, उरलेला विचारात.

तू तेव्हा फार लहान होतीस. बाबांचं कापडदुकान म्हटलं की तुला रंगीत कागदाच्या पताका आणि हातात मिळालेला खाऊ आठवत असेल. मला आठवतं ते त्याच्या पुढचं. उद्घाटनाला दुकानात माणूस मावत नव्हता. पहिले काही महिने गल्लाही भरत होता. काका आले, मामा आले, बाबांचे ऑफिसातले मित्र आले, आत्याच्या शेजारणी आल्या. प्रत्येकाने शब्दाखातर काहीतरी घेतलं. बाबांना वाटलं, दुकान चाललं. त्या भरवशावर त्यांनी नोकरी सोडली आणि कर्ज काढून माल भरला. मग नातेवाईक संपले. किती माणसांना किती वेळा कापड लागणार? रस्त्यावरून जाणारा माणूस आत कधी आलाच नव्हता, आणि त्या गर्दीत हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे मी कॉलेज सोडून बस डेपोत टाइमकीपर म्हणून चिकटलो, ते तुला ठाऊक आहे. त्याबद्दल तक्रार नाही. गाड्यांच्या वेळा लिहिता लिहिता आयुष्य बरं गेलं.

तेव्हा मी नको म्हणत नाही, पण एक अट घालतो. ओळखीचं गिऱ्हाईक मोजायचं नाही. ओळखीचा माणूस तुझं तोंड बघून येतो. काम बघून आलेला अनोळखी माणूस तेवढा खरा. जुलै-ऑगस्ट जम बसवायला घे. सप्टेंबरात लागोपाठ चार आठवडे, निव्वळ अनोळखी लोकांच्या कामातून भाडं, सामान आणि तुझा निम्मा पगार सुटला, तर नोकरी खुशाल सोड. मी आडवा येणार नाही. एक जरी आठवडा कमी पडला तर मुकाट्याने कारखान्यात परत जायचं. कबूल असेल तर लाग कामाला.

जावईबापूंना नमस्कार. त्यांना म्हणावं, तूर्त फ्रिज घेऊ नका.

तुझा
दादा

ता. क. ठकी, या पत्रासाठी यांनी चार कागद फाडले. पहिल्या कागदावर फक्त नको एवढंच होतं. पाचवा पेटीत पडला ही मोठीच मजल समज. — वहिनी


२६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अट मान्य. नुसती मान्य केली नाही, तिची व्यवस्थाही लावली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक बॅगेच्या कडीला मी दोरा बांधते. माणूस ओळखीचा असेल तर लाल, अनोळखी असेल तर पांढरा. बॅग परत देताना दोरा कापून बरणीत टाकते, लालाची बरणी वेगळी, पांढऱ्याची वेगळी. म्हणजे मनाला वाटलं म्हणून फसायला जागा नाही.

आमच्या दुकानात येऊन बघ एकदा. भिंतीवर पंचवीसेक घड्याळं आहेत आणि एकाची वेळ दुसऱ्याशी जुळत नाही. तुला इथे बसवलं तर संध्याकाळपर्यंत ताप भरेल. काका मितभाषी आहेत. डोळ्याला भिंग लावलं की त्यांच्यासाठी जग संपतं. पण दुपारी चहा आला की अर्धा कप न विचारता माझ्याकडे सरकवतात.

आता खरं सांगते. लाल बरणी भरत आलीय. कारखान्यातल्या बायका आल्या, यांचे मित्र आले, आमच्या जिन्यातल्या आजी तर धडधाकट पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या की कुठेतरी काहीतरी टाच मार. मला अगदी भरून आलं, आणि त्याच वेळी तू लिहिलेलं बाबांचं उद्घाटन आठवलं. कारण अनोळखी लोक येतात ते किती वाजले विचारायला. एका गृहस्थांना रनर बदलून भागेल असं सांगितलं, तर किंमत ऐकून त्यांना संशय आला. एवढ्या स्वस्तात होतंय म्हणजे टिकणार नाही, असं म्हणून बॅग घेऊन गेले आणि पलीकडच्या दुकानातून नवीन घेऊन आले. माझ्यासमोरून नेली. आमच्याच कारखान्याची होती, तीही मीच शिवलेली असेल.

काल दिवसभरात पांढरा दोरा एकदाही कापला नाही. रडले नाही. डोळ्यात काहीतरी गेलं असं यांना सांगितलं, आणि यांनी ते मानल्यासारखं केलं.

तू म्हणशील की सांगत होतो. म्हण. पण जरा हळू आवाजात म्हण.

लोभ आहेच, थोडा जास्त पाठव.

तुझी
ठकी


३ ऑगस्ट

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पावलं. मी काहीही म्हणत नाही. नव्या मार्गावर गाडी सुरू केली की पहिले काही दिवस ती रिकामीच धावते. म्हणून लगेच बंद करत नाहीत.

इकडे सर्व ठीक. डेपोचं छप्पर दुरुस्त होतंय, सगळीकडे धूळ. हिचा गुडघा बरा आहे.

सहज विचारतो. तुमचं दुकान नक्की किती वाजता उघडतं? दुपारी बंद असतं का? बाजाराच्या तोंडाशी म्हणजे बस थांब्यापासून चालत किती लांब? आणि साधारण कशा प्रकारच्या बिघाडाला जास्त काम पडतं? उगाच माहिती असावी म्हणून.

जेवणाची आबाळ करू नकोस.

दादा


३० ऑगस्ट

ती. सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावाने लिहितेय. दादाला अजून दाखवू नका. त्याच्यासमोर मला महिना पुरा करून, हिशोब पक्का करूनच जायचंय. पण कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

वहिनी, पांढरी बरणी भरायला लागली! ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात अचानक पालटच झाला. कधी न पाहिलेली माणसं येतात, काउंटरवर बॅग ठेवतात आणि मी सांगेन तो भाव मुकाट्याने देतात. घासाघीस नावाला नाही. मला वाटायचं, माणसं घासाघीस केल्याशिवाय श्वाससुद्धा घेत नाहीत. यातले बरेच पुरुष आहेत, घाईत असतात. येतात, बॅग ठेवतात, भिंतीवरच्या घड्याळांकडे बघतात, गोंधळतात आणि स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ बघून धावत सुटतात. एक जण तर मला चुकून मॅडम म्हणून सलाम ठोकून गेला. काकांना फार मजा वाटली. त्यांच्या मते माझ्या बसण्यात काहीतरी दरारा आला असावा.

त्या घाईच्या लोकांना बघून बाजारातले बाकीचेही थबकायला लागलेत. गर्दी दिसली की माणूस डोकावतोच. एका शिक्षिकेची हार्मोनियमच्या पेटीची खोळ होती, तिचं मी अस्तरच नवं घातलं. ती इतकी खूश झाली की दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला घेऊन आली.

सप्टेंबर असाच गेला तर मी राजीनामा देणार. मनात मसुदासुद्धा तयार झालाय. मुकादमांसमोर कोणती साडी नेसून जायचं तेही ठरलंय, हसू नका.

गुडघ्याला शेक देत जा. आणि दादाला यातलं एक अक्षर सांगू नका, माझी शपथ आहे. तुमची माया अशीच राहू दे, म्हणजे मला कोणाची भीती नाही.

तुमची
ठकी


१५ सप्टेंबर

दादास,

नमस्कार पुढच्या वेळी घालीन. आज हात जोडावेत असं वाटत नाहीये.

काल दुपारी एक माणूस आला. बॅग जवळजवळ नवी, चेन मधोमध तुटलेली. मी ती खिडकीपाशी नेऊन पाहिली. दादा, चेन झिजून तुटते तेव्हा कापडाच्या पट्टीचे धागे पिंजतात, आजूबाजूचे दात सैल होतात, रनरचं तोंड फाकतं. या चेनचे दात एकूण एक चकचकीत होते आणि पट्टी एका रेघेत कापलेली होती. ब्लेडने. मी त्या माणसाला विचारलं की हे कोणी कापलं. तो म्हणाला, तुटलं. मी पुन्हा विचारलं. त्याचे कान लाल झाले. मग त्याने सांगून टाकलं की तो कंडक्टर आहे, त्याची गाडी आमच्या गावाला अर्धा तास थांबते, आणि टाइमकीपर साहेबांनी बॅग देऊन सांगितलं होतं की बाईंना काही कळू देऊ नका.

मला बसायला स्टूल सापडेना. ते घाईतले पुरुष, ते मनगटावरचं घड्याळ, तो सलाम, सगळं एका क्षणात उलगडलं.

तू हे करावंस? दुसरं कोणी केलं असतं तर मी हसले असते. ओळखीचं गिऱ्हाईक मोजू नकोस हे मला कोणी लिहिलं होतं? बाबांना निदान माहीत होतं की आलेले लोक आपलेच आहेत. माझ्याकडे तर तू आपल्याच लोकांना अनोळखी कपडे घालून पाठवलंस. मी प्रत्येकाला पांढरा दोरा बांधला. एवढ्या आनंदाने बांधला की त्याची आता लाज वाटते. दोन आठवड्यांनी मी नोकरी सोडणार होते, दादा. तुझ्या कंडक्टरांच्या जिवावर सोडणार होते. मग ते यायचे थांबले असते आणि मी तशीच बसून राहिले असते, रस्त्याकडे बघत.

माझी बरणी आता कुचकामी झाली. त्यातला कोणता दोरा खरा आणि कोणता तुझा, हे मला कळायला मार्ग नाही. तू किती माणसं पाठवलीस, कोणत्या तारखेला, कोणती बॅग देऊन, ते सगळं मला लिहून पाठव. त्यात माया, दया, काही घालू नकोस. गाड्यांच्या वेळा लिहितोस तसं लिही.

ठकी


१९ सप्टेंबर

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र यांनी मला वाचून दाखवलं नाही. टेबलावर ठेवलं आणि गच्चीवर गेले. मी वाचलं. तू रागावलीस ते योग्यच आहे, तसं मी यांना सांगितलंही. आता मला दिसलं ते सांगते. त्यांची बाजू घेत नाहीये.

तुझं जुलैतलं पत्र आलं, डोळ्यात काहीतरी गेलं असं त्यात होतं, त्या दिवशी हे जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून सगळ्या जुन्या बॅगा काढल्या. त्या खरंच मोडक्या होत्या, त्या पाठवल्या. मग माझ्या माहेरी जाऊन त्यांच्याकडच्या मोडक्या बॅगा मागून आणल्या. माझ्या भावाला वाटलं, यांना भंगाराचा नाद लागला. त्याही संपल्या. मग एका सकाळी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर हे जेवणाच्या टेबलाशी बसून माझ्या नव्या प्रवासी बॅगेकडे बघत होते, आणि हातात दाढीचं ब्लेड होतं. मला बघून दचकले. आयुष्यात एक मिनिट इकडचं तिकडे न लिहिणारा माणूस, ठकी. ब्लेड चालवताना बोट कापून घेतलं, बॅग दुपारच्या गाडीने गेली.

मी अडवायला हवं होतं. पण तुझ्या बॅगांचा विषय निघाला की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला फार वर्षांत दिसलं नव्हतं. तेवढ्यासाठी मी बघत राहिले, ही माझी चूक.

माझी बॅग मात्र नीट शिवून पाठव. पैसे देईन.

याच पाकिटात यांचा कागद आहे.

तुझी
वहिनी


चि. ठकीस,

मागितलीस ती यादी मागच्या बाजूला आहे. एकूण अकरा बॅगा. तारीख, गाडी आणि बॅगेचं वर्णन दिलंय. यापलीकडे एकही नाही, यावर विश्वास ठेव.

चुकलो. अट घातली तेव्हा मला वाटत होतं की मी तुला बाबांच्या चुकीपासून वाचवतोय. मग तुझं ते पत्र आलं आणि मला काही सुचेना. बाबा दुकान बंद करून घरी आले त्या दिवशीचा त्यांचा चेहरा मी पाहिलाय. तुझा तसा होऊ नये, एवढंच डोक्यात होतं. तो होऊ नये म्हणून मी तुझ्यासाठी तोच खड्डा खणत होतो, हे तुझं पत्र वाचेपर्यंत मला दिसलं नाही.

आता एक ऐक. माझ्यामुळे हिशोब नासला आहे, तेव्हा माझी अट मी मागे घेतो. कारखान्यात परत जाऊ नकोस. तुझ्या हातात कसब आहे. कंडक्टर परत येऊन कामाचं कौतुक करत होते, ते मी शिकवलेलं नव्हतं. सोड नोकरी. कमी पडेल ते मी बघेन.

दादा


२९ सप्टेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि. नमस्कार पूर्ववत सुरू केलाय, नोंद घे.

तुझी यादी तंतोतंत निघाली. प्रत्येक बॅग मला आठवली. बरणीतून अकरा पांढरे दोरे काढून टाकले आणि पुन्हा हिशोब मांडला. सप्टेंबरचे तीन आठवडे भरले, एक कमी पडला. अगदी थोडक्याने, पण पडला.

गंमत बघ कशी झाली. मी उडी मारायला निघालेली आणि तू मला धरून ठेवणारा, असं आपलं आजवर होतं. आता तू ढकलतोयस आणि मी कठडा धरून उभी आहे. कमी पडेल ते तू बघशील म्हणतोस. दादा, तू माझं कमी पडलेलं लहानपणापासून बघत आलायस. या वेळी ते नको. दुकान तुझ्या जिवावर उभं राहिलं तर ते माझं कसं?

तेव्हा परवा मी कारखान्यात रुजू होतेय. पण काउंटर सोडत नाही. काकांशी बोलले. दिवसभर बॅगा ते घेऊन ठेवतील, मी सुटल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी दुरुस्त करीन. त्याबदल्यात भाडं थोडं वाढवून देणार आहे. हे म्हणाले की संध्याकाळचा स्वयंपाक मी करतो. पहिल्या दिवशीचा भात मी खाल्ला, आणि तरीही माझा विचार बदललेला नाही.

अट तीच. चार आठवडे लागोपाठ, निव्वळ अनोळखी. ती भरायला किती महिने लागतील ते लागोत. अट चांगली आहे, ती घालणाऱ्याचाच तोल गेला होता.

तुझे तीन कंडक्टर पुन्हा आले होते, या वेळी बायकोच्या पर्स घेऊन. तू पाठवलं नव्हतंस म्हणे. काकांच्या मते ते आता अनोळखीत धरायला हरकत नाही. मी लालच दोरा बांधला. वहिनींची बॅग सोबत पाठवलीय. पैसे लावलेत, कारण कापणाऱ्याकडून ते वसूल व्हावेत अशी इच्छा आहे.

राग गेलाय. पूर्ण गेलाय असं लिहिणार होते, पण चिमूटभर ठेवलाय, पुढे कामाला येईल. लोभ मात्र दोन्हीकडून भरपूर असावा.

तुझी
ठकी


२० फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं राजीनाम्याचं पत्र काल मिळालं. मंदीच्या दिवसांत नाही, ऐन हंगामात चार आठवडे भरले, तेही रोज संध्याकाळी थकून येऊन. मुकादमांनी दारापर्यंत सोडायला येऊन स्वतःच्या मुलीची बॅग दुरुस्तीला दिली, हे वाचून मी डेपोत मोठ्याने हसलो. सगळे बघायला लागले. त्या नादात एक गाडी चार मिनिटं उशिरा सुटली, आणि माझ्या हाताने मला तसं लिहावं लागलं. इतक्या वर्षांतली ही पहिली.

दुकान हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो, हे तुला माहीत आहे. काल तुझं पत्र तिसऱ्यांदा वाचत होतो तेव्हा लक्षात आलं की गोळा आलेला नाही. नुसता आनंद होत होता. एवढ्या उशिरा होईल असं वाटलं नव्हतं.

आता कामाचं. खालील मजकूर अर्ज म्हणून वाचावा. अर्जदार मार्चअखेर निवृत्त होत आहे. घरी बसला तर स्वयंपाकघराचं वेळापत्रक लावील, अशी त्याच्या पत्नीला धास्ती आहे. आपल्या काउंटरवर बॅगा घेणं, देणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं यासाठी माणूस लागेल असं आपल्या पत्रावरून दिसतं. आपण लोकांना उद्या देते म्हणून सांगता आणि परवा देता, अशी कुणकुण कंडक्टर मंडळींकडून लागली आहे. अर्जदाराला वेळ सांगणं आणि ती पाळणं एवढं एकच काम येतं. शिक्षण : कॉलेज अर्धवट. दुकानाचा पूर्वानुभव : वाईट. पगाराची अपेक्षा नाही. सकाळच्या गाडीने येऊन संध्याकाळच्या गाडीने परत जाईल.

आपला कृपाभिलाषी,
अर्जदार

(ठकी, थट्टा वाटली तर थट्टा समज. पण मी खरंच विचारतोय. — दादा)


२७ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अर्ज मिळाला. मी तो काकांना वाचून दाखवला, त्यांनी डोळ्यावरचं भिंग काढून पूर्ण ऐकला.

सोमवारी माझा नोकरीशिवायचा पहिला दिवस होता. सकाळी कारखान्याचा भोंगा झाला आणि मी काउंटरमागून ताडकन उठले. काकांनी विचारलं की कुठे निघालीस. पुन्हा बसले आणि पुढ्यातल्या बॅगेची चेन उसवायला घेतली. टाके सरळ पडले. दुपारपर्यंत पाच जण आले, पाचही अनोळखी. भीती गेलेली नाही, दादा. ती शेजारी स्टूल घेऊन बसलीय असं वाटतं. पण काम चालू आहे.

तुझ्या अर्जाबद्दल. शिक्षणापुढे अर्धवट असं लिहिलंयस. ते कोणासाठी अर्धवट राहिलं आणि त्यातून कोण कोण मार्गी लागलं, हे मालकिणीला माहीत आहे. त्या रकान्याचे पैकीच्या पैकी गुण दिले आहेत. पूर्वानुभव वाईट आहे म्हणूनच तू हवा आहेस. माझे पाय जमिनीवरून सुटायला लागले की ओरडणारं कोणीतरी दुकानात पाहिजेच.

नेमणूक तीन महिन्यांच्या अजमावणीवर. तुझ्याच पद्धतीने. जमलं तर कायम, नाही जमलं तर मुकाट्याने घरी, आणि कोणी कोणाचं मन राखायचं नाही. पगार घ्यावाच लागेल, फुकट माणूस मला परवडत नाही. दुकानात ब्लेडला हात लावायची बंदी राहील. काका त्यांची घड्याळं जुळवू देणार नाहीत, तेव्हा त्या विषयावर तोंड उघडू नकोस. रोज दोन तास येताना आणि दोन तास जाताना तुला बसमध्ये त्रास होईल, ते मात्र माझ्या मनाला लागतंय. पण ये.

मी खूप वर्षं वाट बघत होते की तू माझ्याकडे काहीतरी मागशील. तू आजवर कधीच मागितलं नव्हतंस.

लोभ उधारीत न ठेवता रोख द्यावा, आणि एक एप्रिलला दुकान उघडायच्या वेळी हजर राहावं. टाइमकीपर असलास तरी उशीर चालणार नाही.

तुझी
ठकी